फिल्टर विकण्याआधी पाणी मोजा



एकेकाळी सेल्समन ॲक्वागार्ड घेऊन दारोदार फिरायचे. आता गिऱ्हाईक स्वतः दुकानात येऊन विचारतं, "आरओ केवढ्याला?" मागणी वाढतेय, म्हणून बरेच जण मला विचारतात, "दादा, फिल्टरच्या धंद्यात उतरू का?" उतरा. पण मी केलेली चूक करू नका.

सुरुवातीला पालीतल्या एका मावशींना मी पाणी न तपासताच आरओ विकला. मार्जिन चांगलं होतं. सहा महिन्यांनी त्या दुकानात आल्या. "अरे बाबा, नळाला पाणी थोडा वेळ येतं, आणि तुझं मशीन त्यातलं अर्धं मोरीत सोडतं!" घरी जाऊन मीटर लावला, टीडीएस १४० च्या आसपास. त्या घराला आरओची गरजच नव्हती. मशीन परत घेतलं, यूव्ही बसवून दिलं. नुकसान माझं, आणि ते रास्तच होतं.

टीडीएस म्हणजे काय?
पाण्यात विरघळलेले क्षार. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतात. मीरा-भाईंदरला स्टेम आणि एमआयडीसीकडून उल्हास नदीचं शुद्ध केलेलं पाणी येतं. नदीच्या पाण्यात क्षार सहसा कमी असतात. पण समुद्राजवळच्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी मचूळ असू शकतं. म्हणजे एकाच गल्लीतल्या दोन घरांना दोन वेगळी मशीन लागू शकतात.

कुठे काय द्यायचं?
• नळाचं, कमी टीडीएसचं पाणी: यूव्ही किंवा यूएफ. यूव्ही जंतू मारतं, पण त्याला वीज आणि स्वच्छ पाणी लागतं. यूएफ जंतू गाळतं, बऱ्याच मॉडेलना वीज लागत नाही.
• मचूळ पाणी, टीडीएस ५०० च्या वर: आरओ. क्षार काढायचे तर हाच उपाय. पण साध्या घरगुती मशीनमध्ये एक लिटर पाण्यामागे तीनेक लिटर वाया जाऊ शकतं. हे आधीच सांगा. ते पाणी लादी पुसायला वापरता येतं.

मे २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० पेक्षा कमी टीडीएसच्या पाण्यावर आरओ वापरायला मनाई करावी, असे निर्देश केंद्राला दिले होते. म्हणजे हे फक्त माझं मत नाही.

एक लक्षात ठेवा: टीडीएस मीटर जंतू दाखवत नाही. आकडा कमी म्हणजे पाणी सुरक्षित, असं गिऱ्हाइकाला कधीच सांगू नका. शंका असेल तर लॅबमध्ये तपासणी.

ती काळ्या-तपकिरी पाण्याची जादू
काही विक्रेते पाण्यात दोन दांड्यांचं यंत्र बुडवतात आणि पाणी गढूळ होतं. तो रंग बहुतेक दांडीतल्या लोखंडाचा असतो! आरओच्या पाण्यात क्षार कमी, वीज नीट वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. भीती दाखवून एक मशीन विकलं जाईल. पण खरं कळलं की अख्खी सोसायटी हातची जाईल.

पैसा कुठे आहे?
सर्व्हिसमध्ये. मशीन एकदाच विकलं जातं, पण कॅन्डल, कार्बन आणि मेम्ब्रेन बदलत राहावे लागतात. धरा, १०० घरांची वर्षाला ३,००० रुपयांची एएमसी आहे. झाले ३ लाख. त्यातले निम्मे सामान आणि येण्याजाण्यात गेले तरी दीड लाख उरले. आणि ही १०० घरं टिकतात विश्वासावर. मावशींची एएमसी आजही माझ्याकडेच आहे.

या आठवड्याचा होमवर्क: मशीनचा स्टॉक भरू नका. काही शे रुपयांचा टीडीएस मीटर घ्या आणि आपल्या भागातल्या २० घरांचं पाणी मोजा. नळ, बोअर की टँकर, वहीत लिहा. कुठलं मशीन ठेवायचं, ते ती वहीच सांगेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत!