सहलीची वही, कचेरीचं टेबल

मे महिन्यात कुठं जायचं, हा विषय मराठी घरांत होळीच्या सुमारास निघतो. कुणीतरी वही उघडतं आणि तारखा, तिकिटं, बरोबर न्यायच्या वस्तू अशी यादी सुरू होते. हीच माणसं सोमवारी कचेरीत जातात आणि तिथं मात्र महत्त्वाचं काम शेवटच्या दोन दिवसांवर ढकलतात. गंमत आहे की नाही?

सहलीत तारीख आधी ठरते, कारण गाडी कुणासाठी थांबत नाही. रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी खुलं व्हायचं. नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. मग घरातले सगळे निघायच्या दिवसापासून उलटं मोजत येतात. कचेरीतल्या कामालाही हाच हिशेब लागू पडतो.

दुसरं, बेत आखताना आजीच्या गुडघ्यांचा विचार होतो. रायगड पाहायचा, पण आजींसाठी रोपवेनं. कचेरीत मात्र सगळं वेळापत्रक सर्वांत चपळ माणसाच्या हिशेबानं बांधलं जातं आणि नवा कारकून मागे पडला की त्याच्यावर खापर फुटतं.

तिसरी गोष्ट कोकण रेल्वेकडून शिकावी. पावसाळ्यात तिचं वेगळं वेळापत्रक लागतं आणि गाड्या मुद्दाम हळू चालवल्या जातात. अडचण येणार हे गृहीत धरून वेळ राखून ठेवणं, याला आळस म्हणत नाहीत.

पण खरा धडा आहे तो घराच्या किल्लीचा. निघताना आपण ती शेजारच्या काकूंकडे देतो, दूधवाल्याला सांगतो, तुळशीला पाणी कोण घालणार ते ठरवतो. आपल्यावाचून घर आठ दिवस नीट राहावं, एवढी व्यवस्था करूनच पाऊल बाहेर पडतं. कचेरीत मात्र ‘मी नसलो तर सगळं ठप्प होईल’ हे आपण अभिमानानं सांगतो!

बँकेत असं बोलणाऱ्याकडे जरा सावधपणेच पाहतात. तिथं तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०२१ च्या सूचनेनुसार संवेदनशील जागांवरच्या कर्मचाऱ्यांना दरवर्षी सलग किमान १० कामाचे दिवस सक्तीच्या रजेवर पाठवावं लागतं, तेही आगाऊ न कळवता. त्या दिवसांत टेबल दुसऱ्याच्या हाती जातं. काही लपवलेलं असेल तर ते उघडं पडतं. आणि काम नीट लावलेलं असेल, तर तेही दिसतं. माणूस रजेवर असतानाही ज्याचं काम चालतं, तोच खरा व्यवस्थित माणूस.

‘रजा साठवतोय’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. शिल्लक रजेचे पैसे निवृत्तीच्या वेळी मिळतातही. पण समुद्र पहिल्यांदा पाहून लाटांकडे धावत सुटलेलं चार वर्षांचं पोर त्या पैशांत परत मिळत नाही. तेव्हा यंदा वही जरा लवकर उघडा. एका पानावर सहलीची तारीख लिहा आणि समोरच्या पानावर, आपलं टेबल कुणाकडे सोपवायचं त्याचं नाव.