पेरणी आणि पाटी एकाच महिन्यात

जूनच्या मध्याला शाळा उघडतात आणि मृगाचा पाऊस बरा झाला तर त्याच पंधरवड्यात पेरणीची घाई उडते. हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातलं जवळा बाजार असो की आसपासची कोणतीही वाडी, त्या दिवसांत घरातला पैसा आधी बियाण्या-खताला जातो. वह्या-दप्तराची पाळी नंतर येते. पहिल्या सत्राची परीक्षा तोंडावर असते तेव्हा सोयाबीन काढणीला आलेलं असतं. हळद शिजवायची, वाळवायची, तिला पॉलिश करायचं, ही कामं वार्षिक परीक्षेच्या आगेमागे येतात. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात ती मार्च-एप्रिलमध्येच परततात. म्हणजे मुलाला घराची सगळ्यात जास्त गरज असते, नेमकं तेव्हाच आईबापाच्या हाताला आणि डोक्याला उसंत नसते. पालकत्वावरचं आपलं बोलणं मात्र संध्याकाळी एखादा तास मोकळा असलेला, डोकं शांत असलेला पालक गृहीत धरून चालतं. शाळकरी मुलांच्या पालकांना आधार द्यायचा तर आधी त्यांच्या डोक्यावरचा भार उतरवावा लागेल. सल्ला त्यानंतर, आणि मगच तो लागू पडेल, असं माझं म्हणणं आहे.

याला आधार आहे, आणि तो उसाच्याच शेतातला आहे. आनंदी मणी, सेंथिल मुल्लैनाथन, एल्डर शफीर आणि जियायिंग झाओ या संशोधकांनी तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांना ऊस तुटण्याआधी आणि हातात पैसे आल्यानंतर त्याच प्रकारच्या बौद्धिक चाचण्या दिल्या. हा अभ्यास २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. माणसं तीच होती, तरी पैशाची चणचण असताना त्यांची कामगिरी स्पष्टपणे खालावलेली दिसली. उधारी कुठून फेडायची, हा हिशेब डोक्यात सतत चालू असला की दुसऱ्या कशाकडे लक्ष द्यायची ताकद उरत नाही, असा त्याचा अर्थ संशोधकांनी लावला. ‘इथले पालक उदासीन आहेत’ हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत सहज ऐकू येतं. जूनमध्ये मुलाच्या प्रश्नावर खेकसणारा बाप उदासीन असेलही, पण त्याची मागची रात्र कृषी केंद्राच्या उधारीचा विचार करण्यात गेलेली असण्याची शक्यता त्याहून मोठी आहे.

नुसती माहिती देऊन काय होतं, हेही तपासून झालं आहे. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात गावकऱ्यांच्या सभा घेऊन त्यांना ग्राम शिक्षण समितीची आणि तिच्या अधिकारांची माहिती दिली गेली. त्याने ना पालकांचा सहभाग वाढला, ना मुलांचं शिकणं सुधारलं. त्याच प्रयोगात काही गावांतल्या तरुणांना मुलांना वाचायला कसं शिकवायचं ते दाखवलं, तेव्हा त्यांच्या वर्गांना बसलेली मुलं वाचू लागली. बिहार आणि राजस्थानात आयांसाठी साक्षरतेचे वर्ग चालवले आणि मुलांचा अभ्यास घरी कसा घ्यायचा तेही शिकवलं. आयांना स्वतःला फायदा झाला. मुलांच्या गणितावरचा परिणाम मात्र खरा असला तरी लहानच होता. अशा लहान आकड्यांवर मोठी भाषणं उभी करण्याची आपल्याकडे हौस आहे, म्हणून हे सांगून ठेवलेलं बरं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: आमच्या आजी-आजोबांनी कुठला आधार घेतला होता? सात-आठ लेकरं वाढलीच ना! वाढली, पण तेव्हा शाळा घराकडून फारसं काही मागत नव्हती. आज गृहपाठ, प्रकल्प, मोबाइलवर येणाऱ्या सूचना, शिष्यवृत्तीचे अर्ज, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधार आणि बँक खात्याची जोडणी हे सगळं पालकाच्या माथी आहे. एका दाखल्यासाठी तहसीलला खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली. पहिल्या खेपेत काम झालं नाही तर दोन दिवसांची. शिवाय पूर्वी लेकराकडे बघायला घरात चार माणसं असत. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: दारू पिणाऱ्या, मारझोड करणाऱ्या, मुलाच्या हातात मोबाइल देऊन मोकळं होणाऱ्या पालकाची काही जबाबदारी आहे की नाही? आहेच, आणि पालकांना शिकवून मारझोड कमी होते याचाही पुरावा आहे. दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतातल्या गरीब वस्त्यांमध्ये किशोरवयीन मुलं आणि त्यांचे पालक यांच्यासाठी १४ बैठकांचा कार्यक्रम झाला. त्यानंतर मारहाण आणि शिवीगाळ कमी झाली. पण तिथे घरखर्चाचा हिशेब आणि बचत हेही विषय होते, आणि शिकवणारी माणसं स्थानिक होती. सल्ला चालला, कारण तो घरच्या ओढाताणीला वळसा घालून गेला नाही.

महाराष्ट्राला हे नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला काम केलं, तेव्हा मुलं शाळेत येत नाहीत म्हणून पालकांना दोष दिला नाही. त्यांनी शाळाच अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात नेली. मराठवाड्यातली हंगामी वसतिगृहं त्याच जातीची आहेत: आईबाप तोडीला गेले तरी मूल गावातच नातेवाइकांकडे राहावं आणि त्याच्या जेवणाची सोय शाळेच्या आधाराने व्हावी. पण टोळी निघून गेल्यावर काही आठवड्यांनी वसतिगृह उघडलं, तर मूल तोवर कोपीवर, म्हणजे तोडणी मजुरांच्या झोपडीवर, पोचलेलं असतं. इथे वेळ हाच सगळा मुद्दा आहे. शाळेतल्या दुपारच्या जेवणाकडेही मी पालकांना मिळालेला आधार म्हणूनच पाहतो: एका वेळच्या स्वयंपाकाची चिंता कमी होते. शिवाय हे जेवण खाऊन वाढलेल्या मुली पुढे आई झाल्या तेव्हा त्यांच्या मुलांची उंची अधिक चांगली भरली, असं २०२१ च्या एका अभ्यासात दिसलं.

मनाच्या ताणासाठी १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून आहे. शाळेच्या भिंतीवर १०९८ या मुलांसाठीच्या क्रमांकाशेजारी तो लिहायला काहीच खर्च नाही. प्रश्न उरतो शाळा व्यवस्थापन समितीचा. शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. बैठक दुपारी शाळेच्या वेळेत ठेवली, तर निंदणीला गेलेली सदस्य मजुरी बुडवून येणार, नाहीतर सहीसाठी रजिस्टर तिच्या घरी पाठवलं जाणार. बैठक संध्याकाळी, काढणीचे आठवडे टाळून घेणं मुख्याध्यापकांच्या हातात आहे. जवळा बाजारसारख्या बाजाराच्या गावाला तर आणखी एक सोय आहे. आठवडी बाजाराला भोवतालच्या खेड्यांतले पालक तसेही येतात, आणि बाप तर हमखास येतो, जो माता पालक गटात कधी दिसत नाही. दाखले आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणारं एक टेबल, ताण ओळखून पुढचा रस्ता सांगणारी आशाताई आणि मुलाचं वाचन कुठवर आलंय ते पाच मिनिटांत दाखवणारा एक शिक्षक त्या दिवशी बाजारात बसले, तर पालकाची एक खेप वाचेल. त्यासाठी नवी योजना लागत नाही. शिक्षण, महसूल आणि आरोग्य या तीन खात्यांना एकाच दिवशी एका जागी बसावं लागेल, आणि खरी अडचण तिथेच आहे.