जुनें युकुलेले घेतांना व विकतांना

युकुलेले हें चार तारांचें चिमुकलें वाद्य हवाई बेटांचें. १८७९ सालीं मदीरा बेटांतून होनोलुलूस आलेल्या पोर्तुगीज सुतारांनीं तें घडविलें. तेथील कोआ लांकडाच्या जुन्या वाद्यांस मोठें मोल येतें. परंतु केवळ जुनेपणा हा गुण नव्हे. घेणाऱ्यानें प्रथम दांडी सरळ आहे काय, हें न्याहाळावें. मग प्रत्येक पडद्यावर तार दाबून वाजवून पाहावी. तारा आंतड्याच्या किंवा नायलॉनच्या असाव्यात. पोलादी तारांच्या ताणानें घोडी उखडते. झिजलेल्या तारा स्वस्तांत बदलतां येतात, वांकलेली दांडी मात्र सहज सुधारत नाहीं. विकणाऱ्यानें भेग असल्यास ती दाखवून किंमत कमी घ्यावी. रोगण फांसून ती झांकली, तर कोरड्या हवेंत पुन्हां उघडी पडते, आणि घेणाऱ्याच्या पैशाबरोबर विकणाऱ्याची पतहि जाते.