रूळ गेले, वाट उरली : पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांतील वाहनमुक्त सायकलमार्ग

मँचेस्टर, शेफील्ड आणि डर्बी या शहरांच्या मधोमध पीक डिस्ट्रिक्टचा डोंगराळ प्रदेश पसरलेला आहे. १९५१ साली घोषित झालेले हे ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान. येथील डांबरी रस्ते सायकलस्वाराची कठोर परीक्षा घेतात. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना दगडी कुंपणे, वळणामागून अकस्मात येणारी मोटार आणि काही ठिकाणी दहा टक्क्यांहूनही तीव्र चढ. तरीही याच डोंगरांत आठ वर्षांची नात आणि भारतातून आलेले सत्तरीतील आजोबा शेजारी शेजारी निर्धास्तपणे सायकल चालवू शकतात. हे शक्य होते ते येथील बंद पडलेल्या लोहमार्गांमुळे.

या परिसरात अशा तीन प्रमुख वाटा आहेत. ॲशबोर्न ते पार्सली हे ही सुमारे २१ किलोमीटरची टिसिंग्टन ट्रेल. बक्स्टनजवळील डाऊलो ते क्रॉमफर्ड ही सुमारे २७ किलोमीटरची हाय पीक ट्रेल. आणि बेकवेलच्या परिसरातून वाय नदीच्या खोऱ्याने बक्स्टनच्या दिशेने जाणारी सुमारे १४ किलोमीटरची मॉन्सल ट्रेल. पहिल्या दोन वाटा पार्सली हे येथे एकमेकींना मिळतात. तिन्हींवर मोटारींना मज्जाव आहे आणि पृष्ठभाग मुख्यतः बारीक, दाबलेल्या खडीचा आहे.

या वाटांचे मर्म त्यांच्या चढात आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर अत्यंत कमी घर्षणाने फिरते. सपाटीवर हा मोठा लाभ असतो. चढावर मात्र तीच दुर्बलता ठरते, कारण इंजिनाची पकड सुटते. मुंबई-पुणे प्रवास केलेल्यांना हे वेगळे सांगावयास नको. बोरघाटातील चढ ३७ मीटर अंतरामागे एक मीटर इतका आहे, आणि तेवढ्यासाठी कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडावी लागतात. म्हणून लोहमार्ग बांधणारे अभियंते शक्यतो डोंगर चढण्याऐवजी तो कापत, दऱ्यांत भराव घालत, नदीवर कमानपूल उभारत आणि अगदीच अडले तर बोगदा खोदत. बोरघाटाचा मार्ग १८६३ साली खुला झाला. मॉन्सल खोऱ्यातून बक्स्टनला जाणारा मार्गही त्याच वर्षी सुरू झाला.

या परिश्रमाचे फळ आज सायकलस्वाराला मिळते. टिसिंग्टन ट्रेलवर ॲशबोर्न सोडल्यापासून पार्सली हेपर्यंत सुमारे २०० मीटर उंची गाठली जाते. परंतु ती २१ किलोमीटरांत विभागली गेल्यामुळे सरासरी चढ एक टक्क्याच्या आसपास राहतो. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो वजन धरले, तर ताशी १५ किलोमीटर वेगाने एक टक्का चढ चढण्यासाठी गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ३५ वॅट शक्ती लागते. दहा टक्क्यांच्या चढावर त्याच वेगासाठी हा आकडा ३५० वॅटच्या घरात जातो. पहिले काम बहुतेक निरोगी माणसांना गप्पा मारत करता येते. दुसरे कसलेल्या खेळाडूलाही फार वेळ पेलत नाही.

हाय पीक ट्रेल या नियमाला अंशतः अपवाद आहे. १८३१ साली पूर्ण झालेला क्रॉमफर्ड आणि हाय पीक हा लोहमार्ग वाफेची इंजिने सर्वत्र रूढ होण्यापूर्वीचा. मूळ कल्पना कालव्याची होती. पण चुनखडकाच्या पठारावर पाणी टिकत नाही. तेव्हा कालव्याचीच रचना रुळांवर आणली गेली. लांब सपाट पट्ट्यांवर घोडे डबे ओढत आणि मधल्या तीव्र उतरणींवर स्थिर वाफयंत्रे दोरखंड-साखळीच्या साहाय्याने ते वर खेचत. मिडल्टन टॉप येथे १८२९ सालचे असे एक यंत्रघर आजही जतन केलेले आहे. तेथील उतरण आठ मीटरमागे सुमारे एक मीटर इतकी तीव्र असल्याने क्रॉमफर्डकडून सुरुवात करणाऱ्या कुटुंबाला सायकली ढकलत न्याव्या लागण्याची दाट शक्यता असते. मुले बरोबर असतील तर मिडल्टन टॉपच्या वरून निघून पार्सली हेच्या दिशेने जाणे शहाणपणाचे.

१९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये हजारो मैल लोहमार्ग बंद करण्यात आले. अनेक ठिकाणी त्यांची जमीन तुकड्यातुकड्यांनी विकली गेली, पूल पाडले गेले, खोदलेल्या खिंडी बुजवल्या गेल्या, भरावांवर घरे उभी राहिली. पीक डिस्ट्रिक्टमध्ये मात्र या मार्गांचे मोठे पट्टे सार्वजनिक मालकीत घेऊन सलग राखले गेले. १९७१ साली खुली झालेली टिसिंग्टन ट्रेल ही देशातील अशा प्रकारच्या पहिल्या वाटांपैकी एक. आज पन्नास वर्षांनंतर तोच सलग पट्टा नव्याने जुळवायचा म्हटले, तर असंख्य मालकांची संमती आणि नवे पूल यांचा खर्च कोणत्याही स्थानिक संस्थेच्या आवाक्याबाहेर जाईल.

सलगतेचे मोल मॉन्सल ट्रेलइतके स्पष्टपणे दुसरीकडे कोठे दिसत नाही. १९६८ मध्ये येथील रेल्वे बंद पडली आणि १९८१ मध्ये वाट खुली झाली. पण चार मोठे बोगदे सुरक्षिततेच्या कारणास्तव बंदच राहिले. पादचारी डोंगराला वळसा घालून पायवाटांनी पुढे जात. सायकलस्वारांची मात्र वाट तेथेच खुंटे. २०११ साली हे बोगदे दुरुस्त करून, दिवे बसवून खुले करण्यात आले, तेव्हा कुठे तीस वर्षांची तुटक वाट एकसंध झाली. नवा चढ कापावा लागला नाही, नवी जमीन घ्यावी लागली नाही. फक्त असलेली दारे उघडली गेली.

पृष्ठभागाविषयीही थोडे जाणून घेणे उपयुक्त ठरते. दाबलेल्या चुनखडकाच्या बारीक कणांचा थर बराचसा घट्ट बसतो, पाणी झिरपू देतो आणि घोड्यांच्या टापांनाही मानवतो. त्यावर रस्त्याची अगदी अरुंद टायरे फार हादरतात. सुमारे ४० मिलिमीटर रुंदीची, थोडी कमी हवा भरलेली टायरे सुखकर ठरतात. पावसात मात्र या खडीची पांढरी राळ साखळीला चिकटते. ती घरी गेल्यावर धुतली नाही, तर साखळी आणि दाते लवकर झिजतात.

वाट वाहनमुक्त असली तरी ती केवळ सायकलस्वारांची नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये साध्या पायवाटेवर सायकल चालवण्याचा हक्क नसतो. घोडेवाटांवर तो १९६८ च्या कंट्रीसाइड ॲक्टने दिला, पण पादचारी आणि घोडेस्वार यांना प्रथम वाट देण्याच्या अटीवर. या ट्रेल्सवरही तोच शिष्टाचार पाळला जातो. घोड्याला मागून गाठताना वेग कमी करून आधी आवाज द्यावा, कारण बिथरलेला घोडा स्वाराला आणि सायकलस्वाराला सारखाच धोकादायक असतो. नकाशावर दिसणारी प्रत्येक हिरवी तुटक रेषा सायकलीसाठी खुली आहे असे समजून मुख्य वाट सोडणेही टाळावे.

पुढचा प्रश्न अधिक अवघड आहे. मॅटलॉक ते बक्स्टन रेल्वे पुन्हा सुरू करावी, अशी मागणी अनेक वर्षांपासून होत आहे. खाणींतील दगड आणि प्रवासी रेल्वेने गेले तर डोंगरातील रस्त्यांवरचा भार हलका होईल, हा त्यामागील युक्तिवाद निराधार नाही. पण बोगद्यांची रुंदी आणि खोऱ्यातील जागा मर्यादित आहे. रूळ परतले तर वाट कोठून न्यायची याचे उत्तर आधी द्यावे लागेल. गांधीजींवर ज्यांच्या लेखनाचा खोल प्रभाव पडला, त्या जॉन रस्किन यांनी एकोणिसाव्या शतकात याच खोऱ्यातील रेल्वेवर कडाडून टीका केली होती. ज्या कमानपुलाने खोरे विद्रूप झाले असे त्यांना वाटले, तोच हेडस्टोन पूल आज जपला जातो आणि त्यावर थांबून लोक खाली वाहणारी वाय नदी पाहतात.

दोन्ही बाजूंना हवी आहे ती एकच गोष्ट : दीडशे वर्षांपूर्वी मजुरांनी डोंगरातून काढलेली मंद चढाची सलग रेषा. ती रेषा तुटली नाही, म्हणूनच आज हा वाद तरी शक्य आहे.

प्रथमच जाणाऱ्यांनी टिसिंग्टन ट्रेल निवडल्यास पार्सली हेहून निघून ॲशबोर्नकडे उतरत जाणे सोपे, मात्र परतीचा चढ ध्यानात ठेवूनच अंतर ठरवावे. ॲशबोर्न आणि पार्सली हे येथे सायकली भाड्याने मिळतात. मॉन्सलच्या बोगद्यांतील दिवे फक्त दिवसा सुरू असतात. हिवाळ्यात अंधार लवकर पडतो, तेव्हा स्वतःचा दिवा आणि एखादे गरम कपडे जवळ असावेत. उन्हाळ्यातही बोगद्यात गारवा असतो, आणि मुलांना तो फार आवडतो.