क्षयाच्या जिवाणूचे प्रथिनजाळे

क्षयरोगाच्या जिवाणूचा संपूर्ण जनुकीय क्रम 1998 साली प्रसिद्ध झाला. सुमारे 4 हजार जनुकांची यादी शास्त्रज्ञांच्या हाती आली. मात्र त्यांपैकी अनेक जनुकांपासून तयार होणारी प्रथिने नेमके कोणते कार्य करतात, याचा त्या यादीवरून बोध होत नव्हता. नव्या औषधाने कोणत्या प्रथिनाला लक्ष्य करावे, हा प्रश्न त्यामुळे कायम राहिला.

वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने 2008 मध्ये मुक्त औषध संशोधनाचा उपक्रम सुरू केला. त्यातील ‘कनेक्ट टू डीकोड’ या मोहिमेत सहभागी झालेल्या विद्यार्थी व संशोधकांनी इंटरनेटद्वारे एकत्र येऊन प्रथिनांचे परस्परसंबंध नोंदविले. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या नकाशात 1,434 प्रथिने आणि त्यांच्यातील 2,575 संबंध दाखविण्यात आले आहेत.

या नकाशाला ‘स्ट्रिंग’ या माहितीसंचातील जाळ्याची जोड देण्यात आली. स्ट्रिंग संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येतो. प्रथिनाचे नाव अथवा त्यातील अमिनो आम्लांचा क्रम भरल्यास पडद्यावर प्रथिने बिंदूंच्या आणि संबंध रेषांच्या रूपात उमटतात. रेषेवर क्लिक केले असता त्या संबंधाचा पुरावा उघडतो. हा पुरावा पाहिल्याविना चित्रावर विसंबणे धोक्याचे आहे.

याचे कारण असे, की रेषा म्हणजे दोन प्रथिनांचा प्रत्यक्ष संपर्क, असे नेहमीच नसते. दोन जनुके अनेक जिवाणूंमध्ये शेजारी-शेजारी आढळणे, ती एकाच वेळी कार्यरत होणे किंवा शोधनिबंधांत त्यांचा वारंवार एकत्र उल्लेख होणे, एवढ्या आधारावरही रेषा काढली जाते. साहजिकच, ज्या प्रथिनांवर अधिक संशोधन झाले आहे, त्यांच्याभोवती रेषांची दाटी होते आणि ती वाजवीपेक्षा महत्त्वाची भासू शकतात. प्रत्येक संबंधाला 0 ते 1 या दरम्यान विश्वासार्हतेचे गुण दिलेले असतात. किमान मर्यादा 0.4 वरून 0.7 वर नेली, की तेच दाट जाळे विरळ होते.

भारतीय संशोधकांनी जाळ्यातील मध्यवर्ती प्रथिनांमधून औषधाची 17 संभाव्य लक्ष्ये सुचविली. मानवी शरीरावर कमीत कमी दुष्परिणाम व्हावेत, हा निवडीमागील हेतू होता. त्यांपैकी 5 प्रथिनांचे महत्त्व प्रयोगांतून आधीच सिद्ध झालेले होते. उर्वरित 12 प्रथिनांबाबतचा निष्कर्ष हे त्या वेळी संगणकीय अनुमान होते.