लेकराला बिब्बा उतला तर

सख्यांनो, थंडीच्या दिवसांत बिब्ब्याची फुलं पिकतात आणि पोरं रानात पळतात. फूल म्हणजे खरं तर फूल नव्हेच, फळाचा वरचा केशरी, गोडसर भाग. त्याच्या टोकाला काळा बिब्बा चिकटलेला असतो, काजूच्या बोंडाला बी असते ना तसाच. मोठी माणसं बिब्बा काढून टाकतात आणि फूल भाजून किंवा वाळवून खातात. पोरांना एवढा धीर कुठला! दातानंच बिब्बा तोडायचा, हात चड्डीला पुसायचे आणि पुढचं झाड गाठायचं. मग एक-दोन दिवसांनी ओठ सुजतात, गाल लाल होतात, अंगावर पाण्याचे फोड येतात, रात्रभर खाज सुटते. आपण म्हणतो, बिब्बा उतला.

ज्या घरात गोडंबीसाठी बिब्बे फोडतात, तिथं तर रान लांबच राहिलं, घरातच तो असतो. कोकणातल्या बायांना ओले काजू सोलताना हाताची सालं निघतात, हे वेगळं सांगायला नको. आंब्याच्या देठाचा चीक लागून पोरांच्या तोंडाभोवती चट्टे उठतात, तेही याच जातीचं दुखणं. बिब्बा, काजू, आंबा ही सगळी एकाच कुळातली झाडं. अमेरिकेत याच कुळातली पॉइझन आयव्ही नावाची वेल आहे. तिकडच्या पोरांना ती उतते, आपल्याकडच्यांना बिब्बा. दोन्हींत त्रास देतं ते जवळजवळ एकाच प्रकारचं तेल, म्हणून उपायही सारखेच.

हे तेल समजून घेतलं की बाकीचं सोपं जातं. ते चिकट असतं, नुसत्या पाण्यानं निघत नाही. पूर्वी परीट कपड्यांवर खुणा करायला बिब्ब्याचं तेल वापरायचे आणि ती खूण धुण्यानं जात नसे, यावरून काय ते ओळखा. कातडीवर पडलं की ते थोड्याच वेळात आत मुरायला लागतं. म्हणून पहिली दहा-पंधरा मिनिटं फार मोलाची. लेकरू रानातून आलं आणि हाताला, तोंडाला काळपट डाग दिसला, तर रागवत बसू नका. आधी साबण लावून भरपूर गार पाण्यानं धुवा, दोन-तीन वेळा. गरम पाणी नको, खसाखसा घासायचं नाही. नखांखाली जास्त तेल अडकतं, ती कापून साबणानं साफ करा. तेच बोट डोळ्याला लागलं की डोळा सुजून बंद होतो. डाग चिकट असेल तर आधी थोडं खोबरेल तेल लावून फडक्यानं टिपून घ्या, पण त्यानंतर साबण हवाच, नाहीतर ते तेल आणखी पसरेल. फडकं परत वापरू नका. अंगातले कपडे वेगळे धुवा. विळा, काठी, चप्पलसुद्धा. तासभर उशीर झाला असला तरी धुवाच.

आता एक गैरसमज. फोड फुटून पाणी सांडलं की बिब्बा अंगभर पसरतो, असं घरोघरी म्हणतात. तसं होत नाही. फोडातल्या पाण्यात बिब्ब्याचं तेल नसतं. जिथं तेल जास्त लागलं किंवा कातडी पातळ आहे, तिथं आधी उठतं आणि बाकी ठिकाणी उशिरा. म्हणून पसरल्यासारखं वाटतं. नाहीतर तेल अजून कपड्यावर, नखात कुठंतरी शिल्लक असतं आणि पुन्हापुन्हा लागतं. उतलेल्या लेकराला जवळ घ्यायला, भावंडांत झोपवायला काही हरकत नाही. आजारी पोराला वेगळं कोपऱ्यात बसवणं मला तरी पटत नाही.

एकदा उतलं की ते एका दिवसात जात नाही. दोन, कधी तीन आठवडे लागतात. तोवर खाज कमी ठेवणं एवढंच आपल्या हातात असतं, आणि ते काही थोडं काम नव्हे. स्वच्छ सुती फडकं गार पाण्यात पिळून १५-२० मिनिटं ठेवायचं, दिवसातून चार-पाच वेळा. गुलाबी रंगाचं कॅलामाइन लोशन औषधाच्या दुकानात मिळतं, ते लावा, पण डोळे, ओठ आणि फुटलेला फोड सोडून. कपडे सैल आणि सुती घाला. फोड मुद्दाम फोडू नका, त्यावरची कातडी हीच मलमपट्टी असते. रात्री पोर झोपेत खाजवतं, म्हणून नखं बारीक ठेवा. अगदी लहान असेल तर हातात सुती मोजे घाला. खाजेनं झोपच येत नसेल तर त्यावर गोळी, पातळ औषध असतं. मात्र लेकराच्या वजनाप्रमाणे किती द्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा.

चिंचेचा पाला, कोथिंबिरीचा रस, ओलं खोबरं हे आपल्याकडचे जुने उपाय. साबूत कातडीवर थोडं खोबरेल तेल लावल्यानं कोरडेपणा कमी होतो, तेवढं ठीक. पण फुटलेल्या, पाणी गळणाऱ्या फोडांवर पाला वाटून लावू नका. राख, चुना, हळद, टूथपेस्टही नको. जखम चिघळते, मग बिब्बा राहतो बाजूला आणि पू होऊन बसतो.

त्याहून मोठी भीती मला त्या दुकानातल्या ट्यूबची वाटते. खाज, गजकर्ण, चट्टे, सगळ्यावर एकच म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच ट्यूबांत जहाल स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत आराम पडतो, म्हणून ती घरात कायमची राहते. पोराच्या चेहऱ्यावर अशी ट्यूब फार दिवस लावली तर कातडी पातळ पडते. स्टेरॉइड लागतं कधीकधी, पण कोणतं, कुठं आणि किती दिवस, हे डॉक्टरांनी सांगायचं.

दवाखान्यात लगेच न्यायचं ते अशा वेळी: डोळा सुजून मिटला, तोंडाच्या आत फोड आले, लघवीच्या जागी उतलं, अंगाचा मोठा भाग व्यापला, ताप आला, पू दिसला, किंवा मूल एक वर्षाच्या आतलं आहे. श्वासाला त्रास होत असेल किंवा कच्चा बिब्बा पोटात गेला असेल तर वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. डॉक्टरांना "अंगावर पुरळ आलं" एवढंच सांगू नका. बिब्बा लागला, कधी लागला, काय काय लावलं, सगळं सांगा.

ज्या गटांत बिब्बे किंवा काजू फोडण्याचं काम चालतं त्यांनी एवढं करावं: कामाची साडी वेगळी ठेवावी, हात साबणानं धुतल्याशिवाय बाळाला पाजायला घेऊ नये. टरफलं चुलीत घालू नयेत. त्यांचा धूरही उततो, आणि तो छातीत जातो. बाळाचं पोट दुखतं, खोकला झाला म्हणून बिब्ब्याचा चटका देणाऱ्या म्हाताऱ्या अजून आहेत. त्यांचा मान ठेवूनच सांगते, तान्ह्या कातडीला ते सोसत नाही.

फोड सुकल्यावर काळपट डाग राहतो, कधी काही महिने. तो आपोआप फिका होतो. त्यावर गोरेपणाची क्रीम चोळू नका.