टेंगूळ डोक्याला, घोर जिवाला

जुन्या वाड्याच्या बुटक्या चौकटीला कपाळ लागते, मोसंबीच्या बागेत वाकून उठताना फांदी डोक्यावर बसते किंवा कपाटाचे उघडे दार कानशिलाला लागते. रक्त येत नाही, शुद्धही हरपत नाही. तरीही काही रुग्ण घाबरून दवाखान्यात येतात. विचारले की कळते, पूर्वी एकदोन वेळा मोटारसायकलवरून पडून किंवा कबड्डी खेळताना त्यांच्या मेंदूला धक्का बसलेला असतो. "डॉक्टर, पुन्हा तेच तर होणार नाही ना?" हा त्यांचा प्रश्न असतो. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, त्यातलाच हा प्रकार. या भीतीला हसू नये. तिचे कारण समजून घ्यावे.

मेंदूला धक्का म्हणजे काय?

आपला मेंदू कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात असतो. डोक्याला जोराचा हिसका बसला की तो आतल्या आत हलतो आणि त्याचे कामकाज काही काळ विस्कळीत होते. यालाच डॉक्टर 'कन्कशन' म्हणतात. डोके दुखणे, चक्कर, मळमळ, गोंधळल्यासारखे होणे, घडलेले न आठवणे, उजेड व आवाज सहन न होणे ही त्याची लक्षणे. बेशुद्धी फार थोड्यांना येते. सी. टी. स्कॅन बहुधा चांगलाच निघतो, कारण बिघाड रचनेत नसून कामकाजात असतो.

काही लक्षणे उशिराही दिसतात. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सच्या कसोटीत जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर आदळला. तो त्याच दिवशी पुन्हा फलंदाजीला आला, पण दुसऱ्या दिवशी त्रास जाणवल्याने त्याच्या जागी बदली खेळाडू घ्यावा लागला. पुढची कसोटी त्याने विश्रांती घेतली आणि त्यानंतरच्या मँचेस्टरच्या कसोटीत २११ धावा काढल्या. बहुतेक प्रौढ माणसे दोन आठवड्यांच्या आसपास बरी होतात. मुलांना महिनाभर लागू शकतो.

जुना मार आणि नवा टोला

ज्यांना पूर्वी अनेकदा धक्का बसला आहे, त्यांना पुढचा धक्का बसल्यास बरे व्हायला जास्त दिवस लागू शकतात, हे खरे. पहिला धक्का पुरता बरा होण्याआधी दुसरा जोराचा मार बसणे तर धोक्याचेच. म्हणून बरे वाटेपर्यंत मैदानात उतरू नये.

परंतु पूर्ण बरा झालेला मेंदू म्हणजे तडा गेलेले मडके नव्हे. टिचकी लागली म्हणून तो फुटत नाही. डोक्याला हिसका किती बसला याला महत्त्व आहे. टेंगूळ किती मोठे आले याला नाही. कवटीवरच्या कातडीत रक्तवाहिन्या भरपूर असतात, म्हणून साध्या माराने तिथे मोठी सूज येते. ती बाहेरची असते.

भीतीनेही डोके दुखते

माणूस घाबरला की छाती धडधडते, श्वास उथळ होतो, मानेचे स्नायू आखडतात. त्यातून डोके दुखते, हलके वाटते, झोप येत नाही, कामात लक्ष लागत नाही. ही यादी वरच्या यादीसारखीच आहे! रुग्णाला वाटते, मेंदूला पुन्हा मार बसला. मग तो दर दहा मिनिटांनी टेंगूळ चाचपतो आणि बायकोला विचारतो, "मी नीट बोलतोय ना?" तिने 'हो' म्हटले की घटकाभर बरे वाटते, पुन्हा शंका येते. तपासणे जितके वाढते, तितकी भीती वाढते.

काय करावे?

१) शांत बसावे. कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे लावावा. टेंगूळ जोराने चोळू नये.

२) दुखल्यास पॅरासिटामॉल चालेल. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन किंवा झोपेची गोळी मनाने घेऊ नये. दारू वर्ज्य. मात्र डॉक्टरांनी रोजची म्हणून दिलेली गोळी परस्पर बंद करू नये.

३) पहिले चोवीस तास घरात कोणीतरी सोबत असावे. पुढे दिलेली धोक्याची लक्षणे घरच्यांनी ठरावीक वेळी पाहावीत. रुग्णाने दिवसभर स्वतःला तपासत बसू नये.

४) भीती दाटली की हळू श्वास घ्यावा आणि त्याहून हळू सोडावा. पाच मिनिटे असे करावे.

५) त्रास नसेल तर दुसऱ्या दिवशी नेहमीच्या कामाला लागावे. त्रास असेल तर एक-दोन दिवस हलकी विश्रांती घ्यावी, मग थोडे चालणे, थोडे काम असे वाढवावे. पूर्वी अंधाऱ्या खोलीत पडून राहायला सांगत. ऑक्टोबर २०२२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला जमलेल्या तज्ज्ञांनीही तशा सक्त विश्रांतीचा फायदा नसल्याचे सांगितले. मात्र चक्कर थांबेपर्यंत वाहन, रोलिंग मिलचे यंत्र आणि उंचावरचे काम टाळावे.

६) दोन-तीन आठवड्यांनंतरही धास्ती जात नसेल तर डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. त्यावर समुपदेशन आणि औषध दोन्ही आहेत. सरकारची 'टेली मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते.

घरच्यांनी "उगाच नाटके करतोस" असे म्हणू नये, तसेच "हलू नकोस, पडून राहा" असेही म्हणू नये. दोन्हींनी भीती घट्ट होते.

तेव्हा मात्र थांबू नये

वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, उठवूनही न उतरणारी गुंगी, असंबद्ध बोलणे, झटके, हातापायात कमजोरी, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, नाका-कानातून रक्त किंवा पाणी येणे, शुद्ध हरपणे यांपैकी एक जरी आढळले तरी १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे. पासष्टीच्या पुढची माणसे, रक्त पातळ करणारी गोळी घेणारे आणि नेहमी मद्य घेणारे यांनी किरकोळ मारानंतरही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. त्यांच्या डोक्यात रक्त हळूहळू साचू शकते आणि काही वेळा काही आठवड्यांनी लक्षणे दिसतात.

यांपैकी काहीच नसेल आणि चोवीस तास नीट गेले असतील, तर टेंगूळ आपोआप उतरू द्यावे आणि आपल्या कामाला लागावे. मोटारसायकल काढताना मात्र हेल्मेट डोक्यावर असावे, आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली लावलेला असावा.